लोकरीच्या कातरींतून निघालेली मोटार

मोटार ही वस्तु आतां खेडोपाडीं इतकी परिचयाची झाली आहे कीं, ती प्रथम कोणीं केली, कशी केली आणि करणारांचें पुढें काय झालें, ही चौकशी करण्याची कोणास आठवणही होत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत ट्रॅक्टर उभा आहे. कित्येकांकडे जीप अगर मोटार आहे. आणि त्या वाहनाचा हप्ता कोणत्या महिन्यांत भरावयाचा हें घरांतल्या पोरासोरांसही तोंडपाठ आहे. परंतु ज्या कारखान्यांनीं इंग्लंडांत हा धंदा आरंभीं उभा केला, त्यांपैकीं एक कारखाना मूळचा शेतकी कामाचा होता, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या यंत्रासाठीं तो निघाला होता, आणि त्या देशांतील सर्वांत मोठा मोटार-कारखाना या पदवीस पोंचल्यावर अवघ्या तेरा वर्षांत कर्जापायीं तो दुसऱ्याच्या हातीं गेला, हें थोड्यांस ठाऊक असेल. त्या वुल्झली कारखान्याची हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमची नोकरी महसूल खात्यांत फेरफार आणि बोजे यांच्या नोंदी करण्यांत गेली. यंत्रविद्येचा आमचा अभ्यास नाहीं. तथापि कर्ज कसें चढतें व मिळकत हातची कशी जाते हें पाहण्याची आमच्या डोळ्यांस संवय आहे, आणि या हकीकतींत तोही भाग पुष्कळ आहे.

या कारखान्याचा मूळ पुरुष फ्रेडरिक यॉर्क वुल्झली हा होय. इंग्रजींत लोकरीस वूल म्हणतात व या आडनांवाचा आरंभही त्याच उच्चाराचा आहे. पण हा निव्वळ योगायोग समजावा. त्याचा जन्म १८३७ सालीं आयर्लंडांत डब्लिन शहराजवळ झाला. त्याचा वडील भाऊ गार्नेट वुल्झली हा फौजेंत शिरून पुढें फील्ड मार्शल झाला. १८५७ सालच्या धामधुमींत लखनौस झालेल्या लढायांत तो होता, म्हणून आपल्या देशाच्या इतिहासांतही त्याचें नांव येतें. फ्रेडरिकनें तलवारीची वाट सोडली आणि १८५४ सालीं, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षीं, ऑस्ट्रेलिया गांठली. तिकडे मेंढपाळीच्या विस्तीर्ण जमिनीस 'स्टेशन' म्हणतात; आगगाडीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. अशा एका स्टेशनावर राहून तो धंदा शिकला, आणि १८७६ सालीं न्यू साउथ वेल्स प्रांतांत वॉल्गेट गांवाजवळचें युरोका नांवाचें स्टेशन त्यानें स्वतः विकत घेतलें.

आमच्याकडे धनगर आपल्या मेंढरांची लोकर हातकातरीनें कातरतो. कळप शंभर-दोनशें मेंढरांचा. घरचे आणि भावकींतले हात लागले कीं काम उरकतें. ऑस्ट्रेलियांत मोठमोठ्या स्टेशनांवर लाख, दीड लाख मेंढ्या असत. तेथें घरच्या माणसांनीं काय होणार? कातरणारांच्या टोळ्या हंगामांत एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर फिरत, आणि त्यांस मजुरी दर शेंकडा मेंढ्यांवर मिळे. काम उक्तें दिलें म्हणजे मजुराचा हात घाईनें चालतो, हें ऊंस तोडणाऱ्या टोळीस जाऊन पाहिलें तरी कळेल. घाईमुळें मेंढीची कातडी कापली जाई. कोठें लोकर अंगावरच राही, तर कोठें एकाच जागीं दोनदां कातर फिरून तंतूचे दोन तुकडे होत. आंखूड तंतूस बाजारांत भाव नाहीं. कातरणी लांबली तर लोकरींत कुसळें व कांटे भरून मालाची प्रत उतरे. लाख मेंढ्यांच्या धन्यास अशी प्रत्येक मेंढीमागें थोडी थोडी नुकसानी केवढी होत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

हें काम यंत्रानें करावें असें वुल्झलीच्या मनांत १८६८ सालाच्या सुमारास आलें. कल्पना सोपी, पण कृति बिकट. न्हाव्याच्या पेटींत केस कापण्याचें जें लहान यंत्र असतें, त्याच जातीचें हें हत्यार आहे. खालीं दांतेरी फणी असते, ती स्थिर राहून अंगालगत सरकते आणि केंस उभे करून धरते. तिच्यावर पातें असतें, तें डावी-उजवीकडे वेगानें फिरून केंस छाटतें. न्हाव्याचें यंत्र बोटांच्या जोरावर चालतें. मेंढीच्या दाट, तेलकट लोकरींत बोटांचा जोर पुरत नाहीं. तेथें वाफेच्या इंजिनाचा जोर आणला पाहिजे. आणि खरी अडचण येथेंच होती. इंजिन जागचें हलत नाहीं, डोक्यावरचा फिरता दांडाही जागचा हलत नाहीं, परंतु कातरणाऱ्याचा हात तर मेंढीच्या पोटाखालून पाठीकडे, पाठीवरून मानेकडे सर्व दिशांस वळला पाहिजे. फिरणारा जोर वळत्या हातापर्यंत न अडतां पोंचवावयाचा कसा? ट्रॅक्टरच्या पाठीमागें पीटीओ शाफ्टास जो क्रॉस बसवितात, तो याच अडचणीवरचा तोडगा आहे: दांडा वांकला तरी फिरणें थांबत नाहीं. वुल्झलीच्या यंत्रांतही सांधे असलेल्या दांड्यानेंच हा जोर हातापर्यंत नेला.

रॉबर्ट सॅव्हेज नांवाच्या सहकाऱ्यासह त्यानें १८७७ सालीं पहिलें पेटंट घेतलें. पण पेटंट मिळणें वेगळें आणि यंत्र हंगामभर टिकणें वेगळें. पुढें जॉन हॉवर्ड या कारागिरानें घोड्यांचे केस कापण्याचें एक यंत्र केलें होतें. वुल्झलीनें १८८५ सालीं त्याचे हक्क विकत घेतले व त्या कारागिरासही आपल्याकडे ठेवून घेतलें. दुसऱ्याची युक्ति चोरून नेण्यापेक्षां युक्तीसह युक्तिवान मनुष्यच पदरीं बाळगणें यांत त्याचें शहाणपण दिसतें. त्याच वर्षीं मेलबर्न शहरांत लोकरीच्या एका मोठ्या वखारींत सर्वांसमक्ष परीक्षा झाली. एका बाजूस डेव्ह ब्राउन हा हातकातरीचा नामांकित कातरणारा, दुसऱ्या बाजूस यंत्र घेऊन हसन अली. ब्राउनची मेंढी आधीं संपली. पाहणारांस वाटलें, यंत्र हरलें. इतक्यांत ब्राउननें कातरलेल्या त्याच मेंढीवर यंत्र फिरविण्यांत आलें, आणि जी मेंढी पुरती कातरली असें सर्व समजत होते तिच्या अंगावरून आणखी लोकर निघाली. वखारींत जमलेले लोक लोकरीचे व्यापारी होते. शर्यत कोणीं जिंकली हें त्यांस सांगावें लागलें नाहीं.

१८८८ सालीं डार्लिंग नदीवरील डनलॉप स्टेशनावर चाळीस कातरणारांनीं १,८४,००० मेंढ्या सर्वच्या सर्व यंत्रानें कातरल्या. एवढ्या मोठ्या स्टेशनाची संपूर्ण कातरणी यंत्रावर होण्याची ती जगांतील पहिली वेळ होय. आरंभीं टोळीवाल्यांनीं यंत्रास हात लावण्याचें नाकारलें होतें. त्यांची भीति अगदींच निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. कारण हातकातरीवरील प्रभुत्व हेंच त्यांचें भांडवल होतें, आणि तें प्रभुत्व कांहीं लहान नव्हतें. १८९२ सालीं क्वीन्सलंड प्रांतांत जॅकी हाउ यानें साध्या कातरीनें सात तास चाळीस मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या, आणि हा आंकडा यंत्रवाल्यांसही १९५० सालापर्यंत ओलांडतां आला नाहीं. यंत्राचा फायदा वेगापेक्षां नीटपणांत होता. मध्यम कसबाच्या मनुष्याचें काम यंत्रामुळें एकसारखें होऊं लागलें.

यंत्रें करून विकण्यासाठीं १८८७ सालीं सिडने येथें 'वुल्झली शीप शिअरिंग मशीन कंपनी' निघाली, व १८८९ सालीं तिची नव्यानें स्थापना होऊन ठाणें इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं आलें. बर्मिंगहॅम म्हणजे लोखंड-पितळेच्या कारागिरांची पेठ. या कंपनीच्या यंत्रांत सुधारणा करण्याचें काम ऑस्ट्रेलियांत एक तरुण इंग्रज करीत होता. त्याचें नांव हर्बर्ट ऑस्टिन. हा १८६६ सालीं जन्मला. त्याचा बाप यॉर्कशर परगण्यांतील एका जमीनदाराच्या शेतीचा कारभारी होता. मुलगा मामा-काकांच्या आश्रयानें परदेशीं जातो तसा हाही मेलबर्नच्या एका नातलगाबरोबर ऑस्ट्रेलियास गेला आणि तेथील कारखान्यांत हाताला काळें लावून यंत्रकाम शिकला. यंत्रें दूर स्टेशनावर उन्हांत, धुळींत, तेलकट लोकरींत कशीं बिघडतात हें त्यानें स्वतः जाऊन पाहिलें होतें. १८९३ सालीं कंपनीनें त्यास बर्मिंगहॅमच्या कारखान्याचा व्यवस्थापक नेमलें.

तेथें येऊन पाहतो तों कंपनी यंत्राचे भाग बाहेरच्या निरनिराळ्या कारागिरांकडून करवून घेई आणि स्वतः फक्त जुळणी करी. भाग हिणकस निघत. यंत्र सहा हजार कोसांवर गेलें म्हणजे तेथें मोडलेला भाग बदलून कोण देणार? ऑस्टिननें महत्त्वाचे भाग स्वतःच्या कारखान्यांत करण्याचा प्रघात पाडला. त्यासाठीं चांगलीं यंत्रें व चांगले मजूर ठेवावे लागले. आणि मग दुसरी अडचण उभी राहिली. लोकरीची कातरणी हंगामी, मागणी हंगामापुरती. उरलेले महिने कारखान्यानें करावें काय? शेतकऱ्यास ही अडचण समजावून सांगण्याचें कारण नाहीं. बैल बारा महिने खातो, पण नांगर बारा महिने चालत नाहीं. ऑस्टिननें सायकलींचे भाग, कारखान्यांचीं अवजारें असें मिळेल तें काम आणून लेथ चालूं ठेविले. आणि याच रिकाम्या महिन्यांच्या पोटीं मोटार जन्मास आली. दरम्यान मूळ पुरुष वुल्झली १८९४ सालीं कारभारांतून निवृत्त झाला व १८९९ सालीं लंडन येथें वारला. ज्या गाड्यांवर त्याचें नांव पाऊणशें वर्षें मिरवलें, त्यांपैकीं एकही त्यानें केलेली नव्हती.

१८९५-९६ च्या हिंवाळ्यांत ऑस्टिननें पॅरिस येथें लेऑं बोले या फ्रेंच गृहस्थाची तीन चाकी मोटार पाहिली व परत येऊन त्याच धर्तीची एक गाडी करून पाहिली. परंतु बोलेच्या गाडीचे इंग्लंडांतील हक्क दुसऱ्यांनीं आधींच घेतलेले निघाले. तेव्हां त्यास स्वतःची रचना करणें भाग पडलें. त्या वेळीं इंग्लंडांतील कायदा मोटारीस किती प्रतिकूल होता हें ऐकण्यासारखें आहे. बिनबैलाच्या गाडीनें गांवांत ताशीं दोन मैल व बाहेर चार मैल यांहून अधिक वेगानें जाऊं नये, आणि तिच्या पुढें एक मनुष्य पायीं चालत असावा, असा निर्बंध होता. वाफेच्या अवजड रस्तागाड्यांसाठीं केलेला हा कायदा हलक्या मोटारीसही लागू पडे. १८९६ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तो बदलला व वेगाची मर्यादा ताशीं चौदा मैल झाली. त्याच सालीं ऑस्टिनची दुसरी तीन चाकी गाडी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनांत ठेवण्यांत आली. गिऱ्हाइकें तुटून पडलीं असें मात्र नाहीं. १८९८ सालीं ऑस्टिननें तीच गाडी बर्मिंगहॅमहून वेल्समधील ऱ्हिल या समुद्रकांठच्या गांवीं नेऊन परत आणली. जाऊन येऊन सुमारें २५० मैल.

कंपनीच्या संचालकांस या उद्योगाचें फारसें कौतुक नव्हतें. मेंढ्यांचें यंत्र खात्रीचें, मोटार बिनखात्रीची. तेव्हां त्यांचें मन कचरावें हें साहजिक होतें. पुढें १९०० सालच्या वसंतांत मोटार-क्लबानें लंडनहून एडिंबरोपर्यंत व परत अशी एक हजार मैलांची परीक्षा ठेविली. तींत ऑस्टिन स्वतः केलेली चार चाकी गाडी घेऊन उतरला, शेवटपर्यंत टिकला, आणि आपल्या वर्गांत बक्षीस मिळविता झाला. ही गाडी अद्याप इंग्लंडांत जतन करून ठेविलेली आहे. त्या वेळीं लोकांस मोटारीची शंका वेगाबद्दल नव्हती. ती घरीं परत येईल किंवा नाहीं याबद्दल होती, आणि या एका परीक्षेनें ती शंका बरीच फिटली.

१९०१ सालीं तोफा आणि लढाऊ जहाजें करणाऱ्या व्हिकर्स कंपनीनें वुल्झलीचा मोटारींचा व अवजारांचा भाग विकत घेऊन बर्मिंगहॅममधील ॲडर्ली पार्क येथें निराळी कंपनी काढली आणि ऑस्टिन तिचा व्यवस्थापक झाला. मेंढ्यांच्या यंत्राची कंपनी मूळ मालकांकडेच राहिली. येणेंप्रमाणें एका घरच्या दोन वाटण्या झाल्या. वाटणींत कोणाच्या वांट्यास काय आलें हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नव्या घरांत ऑस्टिनचें चार वर्षेंच पटलें. भांडणाचें कारण इंजिन. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनांत आडवें व उभें असे दोन प्रकार वयस्क वाचकांनीं पाहिले असतील. आडव्या इंजिनांत सिलिंडर भुईस समांतर निजलेला असतो, उभ्यांत तो सरळ उभा असतो. ऑस्टिनच्या गाड्या आडव्या इंजिनाच्या. त्या दणकट होत्या व त्यांचा खपही बरा होता. परंतु इतर कारखाने उभ्या इंजिनाकडे वळले होते, कारण तें गाडीच्या तोंडाशीं बसतें, झांकण उघडलें कीं हाताशीं येतें, आणि जागा कमी अडवितें. गिऱ्हाइकांस तेंच आवडूं लागलें. मालक म्हणत, उभें करा. ऑस्टिन म्हणे, आडवेंच उत्तम. शेवटीं १९०५ सालीं तो बाहेर पडला आणि शहराबाहेर लाँगब्रिज येथें एक बंद पडलेला छापकामाचा कारखाना घेऊन त्यानें स्वतःची ऑस्टिन मोटार कंपनी काढली. मौज ही कीं, स्वतःच्या कारखान्यांत त्यानें पहिल्यापासून उभींच इंजिनें केलीं! त्याच्या जागीं आलेला जॉन सिडली हा उभ्या इंजिनाचाच पुरस्कर्ता होता. त्यानें गाडीस 'वुल्झली-सिडली' असें आपलें नांव जोडलें, आणि १९०९ सालीं तोही निघून गेला.

माणसें गेलीं तरी कारखाना वाढत होता. १९१३ सालीं वुल्झलीनें सुमारें ३,००० गाड्या केल्या व ब्रिटिश कारखान्यांत तो पहिला ठरला. कोणी विचित्र काम घेऊन आला तरी हा कारखाना नाहीं म्हणत नसे. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवावरील स्वारीसाठीं बर्फावर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या येथेंच तयार झाल्या. चाकांऐवजीं त्यांस पट्टे होते, म्हणजे आजच्या पट्ट्यांच्या ट्रॅक्टरची ती एक पूर्वज म्हणावी. त्यांपैकीं एक १९११ सालच्या जानेवारींत जहाजावरून उतरवितांना बर्फ फुटून समुद्रांत बुडाली. उरलेल्या दोन त्याच वर्षीं ऑक्टोबरांत निघाल्या व कांहीं दिवसांतच इंजिनें तापून मोडून पडल्या. शिलोव्हस्की नांवाच्या रशियन सरदारासाठीं दोनच चाकांची, पण थांबली तरी न पडणारी गाडीही या लोकांनीं केली. पोटांत फिरणारें एक वजनदार चाक तिचा तोल राखी. १९१४ सालीं ती लंडनच्या रस्त्यावर चालवून दाखविली. पुढें युद्ध लागलें, मालक परत आला नाहीं, म्हणून कारखान्यानें ती चक्क जमिनींत पुरून टाकली आणि १९३८ सालीं पुन्हां उकरून काढली!

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत कारखान्यानें गाड्या, दारूगोळा आणि विशेषेंकरून विमानांचीं इंजिनें पुरविलीं. 'हिस्पानो-सुईझा' या नांवाजलेल्या इंजिनाच्या नमुन्यावरून केलेलें 'वुल्झली व्हायपर' हें इंजिन ब्रिटिश लढाऊ विमानांत बसविलें गेलें. १९१८ सालीं जपानांतील इशिकावाजिमा कंपनीनें वुल्झली गाड्या आपल्या देशांत करण्याचा परवाना घेतला, आणि १९२२ सालीं तिची पहिली गाडी बाहेर पडली. ट्रकांवर 'इसुझु' हें नांव वाचकांनीं पाहिलें असेल; त्या कारखान्याचा एक मूळधागा हा आहे.

आतां उतरता काळ. युद्ध संपलें तेव्हां सर्वांचीच समजूत अशी कीं, चार वर्षें अडलेली गिऱ्हाइकी एकदम लोटणार. १९१९ सालीं वुल्झलीनें वॉर्ड एंड येथील अवाढव्य कारखाना जोडीस घेतला, यंत्रें वाढविलीं, आणि हें सारें कर्जाऊ भांडवलावर. तेवढ्यावर न थांबतां लंडन शहराच्या पिकॅडिली या श्रीमंत रस्त्यावर गाड्या मांडून ठेवण्यासाठीं कर्टिस ग्रीन या वास्तुशिल्पकाराकडून एक राजवाडा बांधविला: उंच घुमट, संगमरवरी जमीन, लाखेचें चकचकीत काम केलेले खांब. तो १९२१ सालीं पुरा झाला, आणि नेमक्या त्याच सालीं मंदी आली. सुगीच्या एका वर्षाच्या भरंवशावर जमीन गहाण टाकून माडी चढविणारे खातेदार आम्हीं नोकरींत असतांना थोडेथोडके पाहिले नाहींत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा चढतो तो माडीचा म्हणून वेगळा लिहिला जात नाहीं. तो जमिनीवरच चढतो. पिकॅडिलीचा खर्चही असाच गाड्यांवर चढला.

मंदींत प्रतिस्पर्धी काय करीत होते हें पाहण्यासारखें आहे. ऑक्सफर्डचा विल्यम मॉरिस हा एके काळीं सायकली दुरुस्त करणारा कारागीर. सोळाव्या वर्षीं चार पौंड भांडवलावर त्यानें दुकान घातलें होतें. मोटारीचे बहुतेक भाग तो आरंभीं बाहेरून घेई, आणि उसन्या पैशाचा त्यास तिटकारा. १९२१ सालच्या फेब्रुवारींत, गाड्या अंगणांत पडून असतां, त्यानें आपल्या एका गाडीची किंमत ५२५ पौंडांवरून एकदम ४२५ पौंडांवर आणली. लोकांनीं त्यास वेड्यांत काढलें; गाड्या मात्र खपल्या. वुल्झलीस हा मार्ग नव्हता, कारण किंमत उतरविली तर व्याज कशांतून द्यावें? हर्बर्ट ऑस्टिनची स्थितिही त्या सालीं बरी नव्हती. त्याच्या कंपनीवर १९२१ सालीं रिसीव्हर बसला होता. पण त्यानें १९२२ सालीं 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली, मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपेल अशी गाडी काढली व तिनें घर सांवरलें. वुल्झलीनेंही त्याच सालीं एक लहान गाडी काढून पाहिली, परंतु ती चालली नाहीं व दोन वर्षांत बंद झाली. गाडी वाईट नसावी असा आमचा तर्क आहे. परंतु एवढा मोठा कारखाना, एवढे नोकर, एवढें व्याज, आणि वर राजवाडा, हा सारा खर्च लहान गाडीच्या लहान नफ्यांत मावणारा नव्हता.

१९२६ सालच्या अखेरीस वुल्झलीवर रिसीव्हर नेमले गेले. देणें सुमारें २० लाख पौंडांचें होतें. पिकॅडिलीचा राजवाडा बार्कलेज बँकेनें घेतला; कर्जाच्या गोष्टींत बँकेनेंच घर घ्यावें हा शेवट आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. २००३ सालीं त्याच इमारतींत 'द वुल्झली' या नांवानें एक उपाहारगृह निघालें. १९२७ सालच्या फेब्रुवारींत कारखान्याच्या खरेदीसाठीं तिघांची चढाओढ लागली: अमेरिकेची जनरल मोटर्स कंपनी, विल्यम मॉरिस, आणि हर्बर्ट ऑस्टिन. बावीस वर्षांपूर्वीं जें घर सोडून तो निघाला होता तेंच घर परत घेण्यास ऑस्टिन उभा होता. पण तें त्याच्या हातीं लागलें नाहीं. मॉरिसनें स्वतःच्या पदरचे ७,३०,००० पौंड मोजून कारखाना घेतला.

मॉरिसनें वुल्झलीचें नांव राखलें आणि तिच्या कारागिरांची विद्या वापरली. विमानांच्या इंजिनांवरून शिकलेल्या रचनेचें, ज्यांत व्हॉल्व्ह चालविणारा दांडा सिलिंडरांच्या माथ्यावर असतो असें, एक लहान इंजिन तेथें तयार होतें. तेंच १९२८ सालच्या 'मॉरिस मायनर' गाडींत बसलें. १९३२ सालापासून वुल्झलीच्या गाड्यांच्या रेडिएटरवर नांवाची पट्टी रात्रीं उजळूं लागली, आणि लंडनच्या पोलिसांनीं याच गाड्या पुष्कळ वापरल्या. १९५२ सालीं मॉरिस आणि ऑस्टिन या दोन्ही कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशन बनलें. ऑस्टिन व वुल्झली ही नांवें सत्तेचाळीस वर्षांनीं पुन्हां एका छपराखालीं आलीं. हर्बर्ट ऑस्टिन मात्र १९४१ सालींच वारला होता. आपल्याकडे प्रांतसाहेबांच्या कचेरीपुढें उभी राहणारी पांढरी अँबॅसिडर ही त्याच घराण्यांतील, मॉरिस ऑक्सफर्डची देशी आवृत्ति. ती बंगालमधील उत्तरपाडा येथें २०१४ सालापर्यंत तयार होत होती. तिच्यांत १९५९ सालापासून बसविलेलें १,४८९ घनसेंटिमीटरचें ऑस्टिन-रचनेचें इंजिन त्या काळच्या 'वुल्झली पंधराशें' गाडींतही होतें. म्हणजे वुल्झलीचें चुलत-रक्त आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवरून पुष्कळ वर्षें धांवलें, पण कोणास त्याची खबर नव्हती. वुल्झली नांवाची शेवटची गाडी १९७५ सालीं निघाली.

राहतां राहिली दुसरी वाटणी, मेंढ्यांच्या यंत्राची. ऑस्टिननें ही कंपनी कधीं सोडली नाहीं. १९११ पासून १९३३ पर्यंत तो तिचा अध्यक्ष होता. ती लोकर कातरण्याचीं यंत्रें, शेतावरचीं लहान इंजिनें, दुधाची साय काढण्याचीं यंत्रें, विजेचीं कुंपणें असा माल करीत राहिली. १९५८ सालीं तिचें ह्यूजेस कंपनीशीं एकीकरण झालें, पुढें ती नळकाम व घरबांधणीच्या सामानाच्या व्यापारांत शिरली, अमेरिकेंतील फर्ग्युसन नांवाची कंपनी तिनें १९८२ सालीं विकत घेतली, आणि २०१७ सालीं स्वतःच तें नांव धारण केलें. तोंपर्यंत मोटारवाली वाटणी बंद पडून बेचाळीस वर्षें झालीं होतीं.